'बसायचं का?' ह्याच्या मागची गोष्ट

'आज बसायचं का?' असं मित्राने विचारलं की कुठे, कशाला हे कुणी विचारत नाही, फक्त कोण कोण आहे आणि चकणा काय एवढंच. 'पिणं' हा शब्दच आपण टाळतो, आणि मला वाटतं ह्यात थोडा हात दारूबंदीचा पण आहे.

मुंबईत बंदी पहिल्यांदा आली १९३९ च्या ऑगस्टमध्ये, खेर मंत्रिमंडळाच्या वेळी, तेव्हा आबकारी खातं डॉ. गिल्डरांकडे होतं. ती फार टिकली नाही, पण स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा कायदा आला आणि १९५० पासून अख्ख्या मुंबई प्रांतात बंदी. मग काय, प्यायचं तर डॉक्टरचा कागद घेऊन, तब्येतीसाठी दारू लागते असं लिहून घेऊन परमिट काढायचं, नाहीतर 'आंटी'कडे जायचं. ही आंटी म्हणजे बहुतेक वेळा गोवन ख्रिश्चन बाई, घरातच दोन बाकडी टाकलेली, ग्लासात हातभट्टी आणि सोबत उकडलेलं अंडं नाहीतर चणे, पटकन संपवा आणि निघा. ज्याला घर माहीत तोच बाकीच्यांना घेऊन जाणार, म्हणजे ओळखीशिवाय दारू नाही! गंमत म्हणजे तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते, तिथे फेणी उघडउघड मिळायची.

पुढे वसंतराव नाईकांच्या काळात कायदा सैल झाला, १९६० मध्ये वेगळ्या झालेल्या गुजरातने मात्र तोच कायदा धरून बंदी चालू ठेवली. आपल्याकडे कायदा गेला नाही, फक्त परमिट सोपं झालं, आणि 'परमिट रूम' हे नाव तिथूनच. ५ रुपयांचं एक दिवसाचं परमिट आजही कागदावर लागतं, हे क्वार्टर मागवताना कितीजणांच्या डोक्यात असतं देव जाणे. पंचविशीच्या आत हार्ड ड्रिंक चालत नाही हे तर कॉलेजच्या पोरांना सांगून बघा 😄

बरं, सगळं बंदीमुळेच असंही नाही. श्रावणाच्या आदल्या अमावास्येला, दिव्यांची पूजा करायच्या दिवशी, गटारी साजरी करणं हे आपलं आपणच काढलेलं, महिनाभर बंद म्हणून आज जरा जास्तच. पण परमिट रूममधला तो अंधुक उजेड, काळ्या पिशवीतली बाटली, घरी 'मित्राकडे जेवायला चाललोय' म्हणून सांगणं, हे सगळं मला त्या आंटीच्या घरातूनच आल्यासारखं वाटतं.