सरकारी साग मागण्याआधी हे वाचा
आमच्या वखारीतून लाकूड नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वखारीत पाऊल टाकलं की बहुतेक जण दोनच प्रश्न विचारतात. “ओरिजिनल सीपी आहे ना?” आणि “फुटाला काय भाव?” दोन्ही प्रश्न रास्त, पण त्यांची उत्तरं एका वाक्यात देणारा दुकानदार काहीतरी लपवतोय असं खुशाल समजा. घोडबंदर रोडला नवा फ्लॅट घेतलेले, खारघर-उलव्याला घराचं काम काढलेले, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत चौकटी बदलणारे, सगळ्यांना आम्ही आजवर तोंडी सांगत आलो. आता छापून ठेवलंय. मोजणीचा भाग तुमच्या मिस्त्रीलाही दाखवा.

सरकारी, मालकी आणि बाहेरचा

बाजारात साग तीन वाटांनी येतो. पहिला खात्याचा, म्हणजे वनविभागाच्या किंवा महाराष्ट्र वनविकास महामंडळाच्या जंगलातला. हे महामंडळ १९७४ साली स्थापन झालं, त्याचं मुख्यालय नागपूरला आहे. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर भागातल्या आणि मध्य प्रदेशातल्या सागाला आपल्याकडे जुन्या मध्य प्रांतावरून (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) अजून ‘सीपी’ म्हणतात. वखारवाले ‘बल्लारशा’, ‘आलापल्ली’, ‘वलसाड’ अशी नावं घेतात तीही अशीच मुलखावरून आलेली. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूर डेपोतला साग गेला, तेव्हापासून ‘तोच द्या’ म्हणणारे वाढले. तोच कुठून देणार? पण त्या डेपोतला देता येतो.

दुसरा मालकी. शेतकऱ्याच्या खाजगी जमिनीवरचा साग, जो १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी घेऊन तोडलेला असतो. कागद नीट असतील तर मालकी मालात कमीपणा काहीच नाही. शेताच्या बांधावर वाढलेलं जुनं झाड कित्येकदा जंगलातल्या कोवळ्या झाडापेक्षा सरस निघतं.

तिसरा न्हावाशेवा बंदरात कंटेनरने उतरणारा. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. त्यानंतर आफ्रिका आणि दक्षिण-मध्य अमेरिकेतल्या लागवडीच्या सागाचं प्रमाण वाढलं. घाना, टांझानिया, इक्वेडोर, कोस्टारिका ही नावं आता तुर्भ्यातल्या हमालालाही पाठ आहेत. यातला बराच माल कमी वयाच्या झाडांचा असतो. घरातल्या कपाटाला, पलंगाला तो चालतो, आम्हीही विकतो. तोच माल सीपी म्हणून गळ्यात मारणं ही मात्र शुद्ध लबाडी. आमच्या बिलावर मूळ लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

जंगलात कुऱ्हाड कुठे पडायची हे कोण ठरवतं

बाजारभाव ठरवत नाही, मंत्री ठरवत नाहीत आणि वखारवाला तर मुळीच नाही. प्रत्येक वनविभागाची एक कार्य आयोजना असते, म्हणजे जंगल कसं राखायचं आणि कुठे तोडायचं याचा आराखडा, साधारण दहा वर्षांचा. या आयोजनेला केंद्र सरकारची मंजुरी लागते. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन खटल्यात आदेश दिला की मंजूर आयोजनेबाहेर कुठल्याही जंगलात झाडं तोडायची नाहीत. साग पूर्वीसारखा मुबलक का मिळत नाही याचं निम्मं उत्तर त्या एका तारखेत आहे.

आयोजनेत जंगलाचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, पाडलेले असतात. कोणत्या वर्षी कोणता कूप हातात घ्यायचा, हे आधीच ठरलेलं असतं. पाळीच्या कुपात कर्मचारी फिरून एकेक झाड पाहतात आणि तोडायच्या झाडावर क्रमांक टाकून हातोड्याचा शिक्का मारतात. नाल्याकाठची झाडं राखतात, बियांसाठी चांगली झाडं राखतात. तोड पावसाळा सरल्यावर. बुंधा जमिनीलगत आणि उतरता कापायचा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही आणि पुढच्या पावसात फुटवे जोमाने येतात. त्यातला एक सरळसा ठेवून बाकीचे नंतर काढून टाकतात. सागाचं जंगल असंही पुन्हा उभं राहतं, हे शहरात बसून ‘जंगल कापलं’ म्हणणाऱ्यांना सहसा माहीत नसतं. तोडलेल्या ओंडक्यावरचा क्रमांक आणि बुंध्यावरचा क्रमांक जुळवून पाहता येतो. चोरटी तोड पकडायची ही सर्वांत साधी आणि पक्की रीत.

कूप तोडायचं काम अनेक ठिकाणी जंगल कामगार सहकारी संस्था करतात. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतात ठेकेदारांच्या पिळवणुकीवर उपाय म्हणून या संस्था निघाल्या आणि त्यात आपल्या ठाणे जिल्ह्यातले आदिवासी आघाडीवर होते.

आता विरळणीकडे या, कारण ग्राहक फसतो तो इथे. सागाची लागवड सुरुवातीला दाट असते. झाडं वाढू लागली की त्यातली काही टप्प्याटप्प्याने काढून उरलेल्यांना जागा करून देतात. ही काढलेली झाडंही खात्याचीच, त्यांचाही लिलाव होतो, त्यांनाही सगळे कागद मिळतात. पण ती कोवळी असतात. घेर लहान, आत गाभा (मधलं पक्कं, गडद लाकूड) थोडा आणि भोवती पांढरं लाकूड जास्त. सागाला वाळवी लागत नाही असं आपण म्हणतो ते गाभ्याबद्दल खरं आहे. पांढऱ्या भागाला ती लागते, भुंगाही लागतो. तेव्हा ‘सरकारी साग, कागदासकट’ एवढं ऐकून हुरळू नका. लाकूड चोरीचं नाही एवढंच कागद सांगतो. ते पक्व आहे का, हे ओंडक्याचं तोंड पाहूनच कळतं.

आणखी एक. येऊर, तानसा, तुंगारेश्वर, कर्नाळा इथलं लाकूड ‘ओळखीतून स्वस्तात’ देतो म्हणणारी माणसं अधूनमधून भेटतात. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून वाळलेलं किंवा वादळात पडलेलं झाडही हलवायचं नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २००० चा आदेश आहे. विक्री तर दूरच. त्यामुळे तिथला म्हणून सांगितलेला माल एकतर चोरीचा, नाहीतर तिथला नाहीच.

डेपोतला लिलाव

कुपातून माल विक्री आगारात येतो. तिथे लांबी-घेर आणि प्रतीप्रमाणे थप्प्या लावून लॉट पाडतात. खात्याची आधारभूत किंमत ठरलेली असते. व्यापारी आधी जाऊन माल पाहतो, अनामत भरतो आणि मग बोली लावतो. हल्ली बराचसा लिलाव संगणकावर होतो. त्यामुळे ठाण्यात बसून बोली लावता येते, पण ओंडका संगणकावर पोकळ दिसत नाही! आम्ही माल पाहिल्याशिवाय बोली लावत नाही. तोंडाला दिसणारी पोकळी, पिळलेला बुंधा, गाठी, कडेने गेलेली चीर, हे सगळं हात लावून पाहायचं असतं.

लॉट अख्खा घ्यावा लागतो. त्यात दोन ओंडके सोन्यासारखे आणि चार बेताचे असले तरी सहाही आपलेच. मुदतीत पैसे भरून माल उचलला नाही तर जागाभाडं चढतं. तिथून पुढे आठशे किलोमीटरच्या वर ट्रक. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत पूर्ण झाल्यापासून गाडी लवकर पोचते, भाडं मात्र जिथल्या तिथे आहे.

मोजणी: इथे नीट लक्ष द्या

गोल लाकूड परंपरेने चौथाई घेराने मोजतात. ओंडक्याच्या मध्यावर घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं.

समजा घेर १२० सेंटिमीटर आणि लांबी ३ मीटर आहे. चौथा हिस्सा ३० सेंटिमीटर. ०.३० × ०.३० × ३ = ०.२७ घनमीटर. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट, म्हणून हा ओंडका साडेनऊ घनफुटांचा झाला. भूमितीच्या सूत्राने त्याचं खरं घनफळ बारा घनफुटांच्या आसपास भरतं. म्हणजे या रीतीने एकवीस-बावीस टक्के कमी धरले जातात. साल आणि कापणीतली घट गृहीत धरून ही सूट पडलेली आहे.

पण सूट पुरत नाही. गोल ओंडक्यातून चौकोनी माल काढताना पाठी (सालीकडचे बाहेरचे तुकडे) निघतात, करवतीचा भुसा पडतो, पांढरं काढावं लागतं. ढोबळमानाने खऱ्या घनफळाच्या निम्मा ते साठ टक्के माल हाती येतो. आपल्या बारा घनफुटांतून सहा-सात. पोकळ निघाला तर त्याहून कमी. लिलावातला भाव मोबाइलवर पाहून “तुम्ही एवढा जास्त कसा लावता?” असं विचारायला काहीजण येतात. तो भाव गोल लाकडाचा, घनमीटरचा आणि कराआधीचा असतो. आमचा भाव कापलेल्या, वाळवलेल्या मालाचा, घनफुटाचा. दोघांची तुलना करायची तर मधली घट, कर, भाडं, कापणाई आणि वाळवणी धरा. मग जे उरेल त्यावर आमच्याशी जरूर वाद घाला.

आता तुमची चौकट. जाडी-रुंदी ५ × अडीच इंच, सात फुटांचे दोन उभे आणि वरचा तीन फुटांचा आडवा, म्हणजे एकूण सतरा फूट लांबी. ५ गुणिले अडीच साडेबारा, भागिले १४४, गुणिले १७. उत्तर १.४८ घनफूट. खाली उंबरठा हवा असेल तर आणखी तीन फूट, मग १.७४. हे गणित घरी करून या. रंधा मारल्यावर लाकूड थोडं उतरतं, म्हणून मिस्त्रीला आधीच विचारा की अडीच इंच कापीव हवं की तयार अडीच. याच एका गोष्टीवरून वखारीत सर्वाधिक भांडणं होतात.

शिक्का पुसला गेल्यावर काय

ओंडका आहे तोवर त्यावर हातोड्याचा ठसा आणि क्रमांक दिसतो. करवतीखाली गेला की तो जातो. फळी पाहून ती आलापल्लीची की आणखी कुठली, हे ठामपणे सांगणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. कापल्यानंतर लाकडाची ओळख फक्त कागदावर उरते, म्हणून कागदाला एवढं महत्त्व.

डेपोतून माल निघताना वाहतूक परवाना मिळतो. त्यावर नग, मोजमाप, गाडी क्रमांक आणि पोचण्याचं ठिकाण असतं. वाटेत वन तपासणी नाक्यावर तो पाहतात. डिसेंबर २०२३ अखेर देशभरासाठी राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली सुरू झाली, तिच्यातला परवाना क्यूआर कोडसह येतो. परवान्यावरचा माल आरागिरणीच्या आवक नोंदवहीत चढतो, कापलेला माल जावक नोंदवहीत. आरागिरणीलाही वनविभागाचा परवाना लागतो. आमच्या बिलावर ज्या आवकेतून तुमचा माल कापला तिचा क्रमांक टाकतो. मूळ परवाना तुम्हाला देत नाही, तो दप्तरी ठेवावा लागतो, पण दुकानात पाहायला कधीही मिळेल.

बिलाशिवाय थोडं स्वस्त द्या, असं म्हणू नका. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ६९ प्रमाणे, कारवाईत मालकीचा प्रश्न आला तर उलट सिद्ध होईपर्यंत वनउपज सरकारची असं धरलं जातं. सिद्ध करायची पाळी तुमच्यावर. बिल त्यासाठी जपून ठेवा, निदान घराचं काम संपेपर्यंत.

सोसायटीच्या आवारातलं पडलेलं झाड आणून “एवढ्याच्या फळ्या काढून द्या” म्हणणारेही येतात. शहरात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पडलेल्या झाडाचाही रीतसर कागद हवा. तो असेल तर आनंदाने कापून देऊ. नसेल तर आमची करवत चालणार नाही. कृपया आग्रह धरू नका.

कधी यावं, काय पाहावं

नव्या हंगामाचा माल तोड, डेपो, लिलाव असं करत वखारीत यायला वेळ लागतो, आणि आल्यावर तो ओला असतो. ओल्या सागाची चौकट पावसाळ्यात बसवली की दिवाळीनंतर सांध्यात फट दिसणारच. आमच्याकडे ओलावा मोजायचं यंत्र आहे, तुमच्या समोर लावून दाखवू. घाई असेल तर मागच्या हंगामातला वाळलेला माल घ्या. घेर हवा तेवढा मिळेलच असं नाही, कारण कुपात काय निघेल ते आमच्या हातात नाही. मोठ्या मुख्य दरवाजासाठी रुंद, बिनजोड फळी हवी असेल तर काम सुरू व्हायच्या बरंच आधी सांगून ठेवा. ऐनवेळी मागितली तर जोड फळीच मिळेल आणि ती काही वाईट नसते.

ओंडका निवडून कापून घ्यायचा असेल तर कापणीच्या दिवशी सकाळी या. ठसा पाहा, तोंडावर गाभा किती आणि पांढरं किती ते पाहा, टेप स्वतः धरा. मिस्त्रीला सोबत आणलंत तर उत्तम, आणि मापं इंचातच लिहून आणा.