वाढत्या मुलांचे वजन : खान्देशातील प्रश्नाची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मुलांच्या वजनाचा विषय निघाला की बोलणे लगेच दोन टोकांना जाते. एका टोकाला सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याकडचे कुपोषण असते आणि दुसऱ्या टोकाला जळगाव-धुळ्याच्या इंग्रजी शाळांतील गुटगुटीत मुले. दोन्ही चित्रे खरी आहेत. मात्र तेरा ते अठरा वर्षांचे शरीर, ज्याची उंची अजून वाढायची आहे, ते नेमके कोणत्या मापाने मोजायचे आणि त्याला किती खाऊ घालायचे, हा प्रश्न या दोन्ही चित्रांच्या मधे राहून गेला. त्याची गंभीरपणे चर्चा होऊ लागली ती गेल्या पंचवीसेक वर्षांतच.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो, कारण तो मुख्यतः टंचाईचा आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांच्या आठवणी आता कागदोपत्रीच उरल्या असल्या, तरी १९७२ चा दुष्काळ आजच्या दहावी-बारावीतील मुलांच्या आजी-आजोबांनी स्वतः पाहिलेला आहे. दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी (गोडसर पूरक खाणे) आणि रेशनवर आलेला मिलो (परदेशी लाल ज्वारी) यांच्यावर ज्या पिढीने दिवस काढले, तिच्या लेखी अंगाने भरलेले मूल म्हणजे घरात धान्य असल्याची खूण होती. नातू उंचीला सुटून जरा सडपातळ झाला की ‘पोऱ्या वाळी गया’ असे म्हणून त्याच्या भाकरीवर तेलाची आणखी एक धार सोडणारी आजी ही त्या अनुभवातून घडलेली आहे. तिला अडाणी ठरवून जे आहाराचे सल्ले दिले जातात, ते घरात टिकत नाहीत, ते बहुधा यामुळेच.

खान्देशी जेवण मुळात हलके नव्हतेच. ते शेतात राबणाऱ्यांचे जेवण होते. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, तुरीची वा मुगाची डाळ, ठेचा, हिवाळ्यात वांग्याचे भरीत आणि वरून शेंगदाण्याचे कच्चे तेल, एवढ्यात पिष्ट, प्रथिने आणि स्निग्धांश यांची सोय होत असे. बदल आला तो हळूहळू. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीने अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला, ही घटना आज उद्योगाच्या इतिहासात सांगितली जाते. आहाराच्या इतिहासात मात्र तिची दखल फारशी घेतली जात नाही. पुढे ठिबक सिंचनामुळे रावेर-यावल पट्ट्यात केळीचे उत्पन्न वाढले, कापसाच्या हंगामात हातात रोख पैसा येऊ लागला, गव्हाची पोळी रोजची झाली आणि ज्वारी मागे पडली. एकेकाळी पाहुण्यांसाठी होणारी शेवभाजी ढाब्यावर आणि घरी आठवड्यात दोनदा होऊ लागली. शाळेच्या पिशवीत शेव-मुरमुऱ्यांच्या जागी पाच-दहा रुपयांची पाकिटे आली. केळी पिकवणाऱ्या गावातील मूल मधल्या सुट्टीत केळ्याऐवजी केळीचे वेफर्स खाताना दिसते, यात त्या मुलाचा दोष नाही; दुकानाच्या दारात लटकते ते पाकीट, केळ्यांचा घड नव्हे.

शासकीय योजनांची नजर या सर्व काळात लहान मुलांवर होती. १९७५ मध्ये सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेने सहा वर्षांपर्यंतच्या बालकांचे वजन घेण्याची शिस्त गावोगावी लावली. १९९५ मध्ये शालेय पोषण आहाराची केंद्रीय योजना आली. सुरुवातीला घरी तांदूळ दिला जाई. २००१ च्या न्यायालयीन आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले आणि २००८ पासून ते आठवीपर्यंत पोहोचले. पहिली ते पाचवीसाठी ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीसाठी ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे त्याचे प्रमाण ठरले. नववीत पाऊल टाकताच हे ताट बंद होते. मुलांच्या उंचीचा सर्वांत मोठा झपाटा साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी येतो, तेव्हा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढ होते आणि त्यापाठोपाठ स्नायूही भरू लागतात. नेमक्या त्याच सुमारास, नंदुरबार जिल्ह्यातील ज्या कुटुंबांना ऊसतोडीसाठी गुजरातेत वा पश्चिम महाराष्ट्रात जावे लागते, त्यांच्या मुलाचे दुपारचे जेवण सुटते. योजना आखताना आठवीची मर्यादा शिक्षणाच्या टप्प्यावरून आली, वाढीच्या टप्प्यावरून नाही.

किशोरवयीन मुलींसाठी वेगळ्या योजना २००० नंतर आल्या, त्यांची नावे आणि जिल्हे बदलत गेले, आणि त्यांतून टिकली ती मुख्यतः आठवड्याला एक लोहाची निळी गोळी. या गोळीचे महत्त्व कमी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला होता. पण गोळी दिली म्हणजे वाढीकडे लक्ष दिले असे होत नाही.

आता या विषयातील सर्वांत गुंतागुंतीच्या मुद्द्याकडे वळू. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा निर्देशांक (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग), ज्याला सगळे बीएमआय म्हणूनच ओळखतात, प्रौढांसाठी सोपा आहे : १८.५ च्या खाली कमी, २५ च्या वर जास्त. किशोरांना हे आकडे लागू होत नाहीत, कारण त्यांचा योग्य निर्देशांक वयागणिक आणि मुलगा-मुलगी यांनुसार बदलत जातो. तरीही जळगावातील बहुतेक व्यायामशाळांच्या भिंतीवर जो तक्ता चिकटवलेला असतो, तो प्रौढांचाच. तेरा वर्षांचा, १५० सेंटिमीटर उंचीचा आणि ३९ किलो वजनाचा मुलगा त्या तक्त्याप्रमाणे ‘अशक्त’ ठरतो आणि त्याच्या हातात प्रथिनांच्या भुकटीचा डबा पडतो. वयाच्या तक्त्यावर पाहिल्यास तो अगदी ठीक असतो. त्याच उंचीचा आणि वयाचा ४७ किलोचा मुलगा भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे उत्तम असतो, पण वयाच्या तक्त्यावर जास्त वजनाच्या रेषेला टेकलेला असतो.

वयानुसार तक्ते असले तरी ते एक नाहीत, आणि खरा वाद इथे सुरू होतो. पाच ते एकोणीस वर्षांसाठीचे जागतिक तक्ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते अशा रीतीने आखले आहेत की एकोणिसाव्या वर्षी जास्त वजनाची रेषा प्रौढांच्या २५ ला आणि स्थूलतेची रेषा ३० ला जवळजवळ जाऊन मिळते. पण भारतीय शरीराविषयीची माहिती तोवर वेगळे काही सांगू लागली होती. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा जो दीर्घ अभ्यास चालू झाला, त्यात आपली बाळे जन्मतः वजनाला हलकी, स्नायूंनी कमी, पण चरबीने तितकी कमी नसतात, असे दिसले. आशियाई प्रौढांना मधुमेह आणि हृदयविकार कमी निर्देशांकालाच गाठतात, म्हणून त्यांच्यासाठी २३ पासून सावध व्हावे, अशी शिफारस २००४ मध्ये पुढे आली होती. त्या धर्तीवर २०१५ मध्ये देशातील बालरोगतज्ज्ञांनी पाच ते अठरा वर्षांसाठी नवे भारतीय तक्ते स्वीकारले, ज्यांत जास्त वजनाची रेषा प्रौढ वयातील २३ ला आणि स्थूलतेची २७ ला जुळवलेली आहे.

परिणाम असा की अठरा वर्षांचा, १६५ सेंटिमीटर उंचीचा, ६५ किलोचा मुलगा जागतिक तक्त्यावर सर्वसाधारण आणि भारतीय तक्त्यावर जास्त वजनाचा ठरतो. शाळेतील सरकारी तपासणी सहसा जागतिक तक्त्यांवर चालते, तर शहरातील बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर भारतीय तक्ता असतो. मुलाच्या हातात दोन कागद येतात आणि पालक त्यांतला सोयीचा निवडतात.

भारतीय रेषा खाली ओढण्यामागचा हेतू समजण्याजोगा आहे. शहरी मुले सरसकट जाड होत असताना त्यांचीच सरासरी घेऊन तक्ते केले असते, तर जाडी हीच ‘सर्वसाधारण’ ठरली असती. म्हणून तक्ते करताना अतिवजनाच्या मुलांची माहिती वगळण्यात आली. पण ही माहिती १४ शहरांतील मध्यम आणि उच्च आर्थिक स्तरातील मुलांची होती. खान्देशातील एकही गाव त्यात नाही. चांगले खाणेपिणे असलेली मुलेच वाढीचा आदर्श दाखवू शकतात, हे तज्ज्ञांचे उत्तर शास्त्राला धरून आहे. तरीही शिरपूर तालुक्यातील आश्रमशाळेतला मुलगा आणि जळगावच्या उच्चभ्रू वस्तीतला मुलगा यांना एकच रेषा लावताना, पहिल्याच्या बाबतीत उंचीच खुंटलेली असू शकते हे विसरले जाते. खुंटलेल्या उंचीवर निर्देशांक फुगून दिसतो. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुले वयाच्या मानाने कृश आणि ५ टक्के जास्त वजनाची वा स्थूल आढळली होती. या दोन आकड्यांतले अंतर पाहता, आपल्याकडच्या चर्चेत दुसऱ्या आकड्याला मिळणारी जागा अंमळ जास्तच आहे, असे म्हणावे लागते.

वादाच्या या धुरळ्यात एक साधी गोष्ट झाकली जाते. वर सांगितलेला ४७ किलोचा तेरा वर्षांचा मुलगा वर्षभरात आठ सेंटिमीटर वाढला आणि त्याचे वजन तेवढेच राहिले, तर चौदाव्या वर्षी तो जागतिक तक्त्याच्या बरोबर मध्यावर येतो. त्याने एक किलोही घटवण्याची गरज नसते. वाढत्या वयात वजन उतरवण्यापेक्षा ते स्थिर ठेवून उंचीला वेळ द्यावा, हा बालरोगशास्त्रातील जुना आणि फारसा वाद नसलेला सल्ला आहे. फार जास्त स्थूल असलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना वैद्यकीय देखरेख लागते. मुलींच्या बाबतीत मात्र वेळ लवकर सरते. त्यांचा झपाटा अकराव्या-बाराव्या वर्षीच येऊन जातो आणि पाळी सुरू झाल्यानंतर उंची साधारण पाच-सात सेंटिमीटरच वाढते. कंबर-मांड्या भरणे हा त्या वयाचा नैसर्गिक भाग असताना, घरात त्याच वेळी ‘आता जरा कमी खा’ हे सुरू होते.

कमी खाण्याचे हे प्रकरण गेल्या दहा-बारा वर्षांत वाढले आहे. आईसाठी लिहून आणलेला डाएटचा कागद फ्रिजवर लावलेला असतो आणि नववीतली मुलगी तोच पाळू लागते. २०२० च्या राष्ट्रीय शिफारशींप्रमाणे बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला सुमारे १६६० किलोकॅलरी पुरतात, तर १३ ते १५ वर्षांच्या मुलीला सुमारे २४०० लागतात. आईचा कागद म्हणजे आधीच त्या १६६० तून कापलेला हिशेब. सकाळी नुसते लिंबूपाणी, दुपारी काकडी आणि रात्री एक पोळी यावर काही महिने काढणाऱ्या मुलीची पाळी लांबते, केस गळतात, अभ्यासात लक्ष लागत नाही. आणि घरचे लोक डॉक्टरकडे येतात ते केसांची तक्रार घेऊन. हाडांत कॅल्शियम साठण्याची मोठी संधीही याच वर्षांत असते, ती नंतर भरून काढणे अवघड जाते.

व्यायामाची बाजू याहून उपेक्षित राहिली. गावोगावच्या तालमी ओस पडल्या, शाळेतील पीटीचा तास गणिताने गिळला, आणि दहावीचे वर्ष म्हणजे मैदान बंद, हा अलिखित नियम झाला. जागतिक शिफारस ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांच्या चांगल्या हालचालीची आहे. पण भुसावळ-जळगावच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, ती साठ मिनिटे पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच शक्य असतात, आणि त्या दोन्ही वेळा क्लासनी घेतलेल्या आहेत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा उरलीसुरली चाल, म्हणजे सायकलने शाळेत जाणेही थांबले. मोबाइल हातात आला तो त्या वर्षी, आणि शाळा उघडल्यावरही परत घेतला गेला नाही.

याला एक अपवाद खान्देशात ठळकपणे दिसतो, तो पोलीस भरतीच्या तयारीचा. पहाटे पाचला शाळेच्या मैदानावर किंवा गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर सोळा-सतरा वर्षांची मुले १६०० मीटरचा वेळ लावताना भेटतात. मुलांना १६५ सेंटिमीटर उंची आणि फुगवून पाच सेंटिमीटर वाढणारी छाती हवी असते, त्यामुळे लोंबकळण्यापासून ‘उंची वाढवणाऱ्या’ पावडरीपर्यंत सारे उपाय चालतात. धावणे चांगले आहे, गोळाफेकही. पण चहा-बिस्किटावर दहा किलोमीटर धावून उपाशीपोटी कॉलेज गाठणाऱ्या मुलाला नडगीच्या हाडाचे दुखणे लागते, तेव्हा त्याला आराम सांगितला जातो, जेवण कोणी विचारत नाही. १६ ते १८ वर्षांच्या मुलाची रोजची गरज त्याच शिफारशींत सुमारे ३३२० किलोकॅलरी धरलेली आहे, आणि ती धावण्याचे दहा किलोमीटर धरून नव्हे.

बाजाराला वेसण घालण्याचे प्रयत्न त्या मानाने अलीकडचे. २०१७ मध्ये राज्याने शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करण्याचा निर्णय घेतला, आणि २०२० च्या केंद्रीय नियमांनी चरबी, मीठ, साखर जास्त असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत बंद केली. तालुक्याच्या गावी शाळेची भिंत आणि वडापावची गाडी यांतले अंतर मोजायला कोणी टेप घेऊन जात नाही, हे सर्वांना माहीत आहे. २०२३ च्या अखेरीस पोषण आहारात आठवड्याला एक अंडे आणि न खाणाऱ्यांना केळे देण्याचे ठरले. केळी उत्पादकांनी त्याचे स्वागत करणे स्वाभाविक होते. पण जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा सरकारी निधी थांबला आणि खर्च लोकवर्गणीवर सोपवण्यात आला. प्रथिनांची एक स्वस्त सोय अशी मधेच सुटली. अर्थात तीही आठवीपर्यंतच होती.

शाळांतील आरोग्य तपासणी २०१३ पासून अठरा वर्षांपर्यंत वाढवण्यात आली आणि वर्षातून एकदा पथक येऊन उंची-वजन घेते. ही तपासणी सरकारी आणि अनुदानित शाळांपुरती आहे. जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव येथील ज्या विनाअनुदानित इंग्रजी शाळांत जास्त वजनाची मुले अधिक सापडण्याचा संभव आहे, त्या या यादीबाहेर राहतात, आणि तिथल्या मुलाचे वजन शाळेकडून शेवटचे घेतले जाते ते बहुधा प्रवेश अर्ज भरताना.