मुलांचा शोक आणि भावनिक उद्रेक

घरातले जवळचे माणूस गेल्यावर मुलाच्या वागण्यात दुःख, भीती आणि राग ज्या रूपांत दिसतात ती रूपे, आणि त्यातून मुलाला सावरण्याच्या पद्धती. मूल सलग शोक करत नाही. ते दहा मिनिटे हुंदके देते, लगेच गल्लीत क्रिकेट खेळायला पळते आणि रात्री भाजी आवडली नाही म्हणून ताट भिरकावते. ‘त्याला अजून काही कळलेलं नाही’ असे म्हणणारे नातेवाईक इथे फसतात. खेळणे आणि ताट भिरकावणे, दोन्ही त्या शोकातच मोडतात. अंथरूण पुन्हा ओले होऊ लागणे, शाळेच्या वेळी पोट दुखणे, उरलेल्या पालकाला क्षणभरही न सोडणे, धाकट्या भावंडाला चिमटे काढणे हेही नेहमी आढळते.

मृत्यूची समज वयाप्रमाणे बदलते. मारिया नागी यांनी हंगेरीतील मुलांविषयीचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पाच वर्षांखालील मुलांना मृत्यू म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो असे आढळले. मृत्यू कायमचा असतो, शरीराची सगळी कामे थांबतात आणि तो प्रत्येकाला येतो, हे बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात उमगते असे पुढच्या अभ्यासांतून दिसले. म्हणून ‘बाबा झोपलेत’ असे सांगितलेले मूल झोपायला घाबरते, आणि ‘बाप्पाला आवडले म्हणून नेलं’ हे ऐकलेले मूल बाप्पावरच चिडते. (त्याच्या जागी कोणीही चिडेल.) त्यापेक्षा सरळ सांगावे: ‘बाबांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण बाबा वारले. ते आता परत येणार नाहीत. यात तुझी काहीच चूक नाही.’ शेवटचे वाक्य गाळू नये. आदल्या दिवशी आपण चिडून काहीतरी बोललो म्हणून हे घडले, असे लहान मुले मनात धरून बसतात. बाबा कुठे गेले, हा प्रश्न मुले पुन्हापुन्हा विचारतात, तेव्हा दर वेळी तेच उत्तर द्यावे.

नाशिकमध्ये मृत्यू डोळ्यांआड ठेवणे तसे अवघडच. पंचवटीत रामकुंडावर अस्थिविसर्जन आणि दशक्रिया नेहमी चालू असतात. रामाने दशरथाचे श्राद्ध इथे केले अशी श्रद्धा असल्याने बाहेरगावची कुटुंबेही अस्थी घेऊन येतात. तरीही ज्याच्या घरी मृत्यू झाला त्या मुलालाच अनेकदा मामाकडे किंवा मावशीकडे धाडले जाते. हेतू चांगला असतो, पण तेराव्यानंतर परतलेल्या मुलाला घरात एक माणूस कमी आणि भिंतीवर हार घातलेला फोटो एवढेच सापडते. मधले दिवस ते कल्पनेने भरून काढते, आणि कल्पना बहुधा वास्तवापेक्षा भयंकर असते. काय दिसेल हे आधी सांगून, मुलाला यायचे आहे का हे विचारून, आणि वाटले तर तिथून बाहेर नेईल असा एक मोठा माणूस सोबत देऊन त्याला विधीला नेणे अधिक बरे. जबरदस्ती मात्र करू नये. ‘जाळल्यावर बाबांना दुखेल का?’ या प्रश्नाला ‘नाही, मेलेल्या शरीराला काहीच जाणवत नाही’ हे उत्तर पुरते.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की ‘काहीतरी इच्छा राहिली असेल’ असे म्हणत मोठी माणसे हात जोडतात आणि ‘पोरांची काळजी करू नका, आम्ही बघू’ असे मोठ्याने सांगतात. मुलाला हे वचन आधार देऊ शकते. पण ते जवळ उभे असेल, तर बाबा आपल्यामुळेच अडकलेत असाही अर्थ ते लावते. घरी आल्यावर त्यावर दोन मिनिटे बोलून घ्यावे. मुंडण केलेला मुलगा शाळेत गेला की वर्ग प्रश्न विचारतोच; वर्गशिक्षिकेला आधी कळवले आणि काय उत्तर द्यायचे हे मुलाशी ठरवले, तर मधल्या सुट्टीतली मारामारी टळू शकते. ‘आता तूच घरातला कर्ता’ हे वाक्य तर भेटायला येणाऱ्यांनी टाळावेच. आठ वर्षांच्या पोराला ते खरे वाटते.

प्रत्यक्ष उद्रेकाच्या वेळी समजावणे निरुपयोगी असते, कारण त्या क्षणी मूल ऐकण्याच्या स्थितीत नसते. आजूबाजूच्या फुटणाऱ्या वस्तू आणि धाकटी भावंडे बाजूला करावीत, आवाज खाली आणावा, थोडे बोलावे, जवळ बसावे. ‘राग आला तरी चालेल, मारलेलं चालणार नाही’ एवढी मर्यादा पुरे. गेलेल्या माणसाच्या दुःखापोटी सगळे नियम सैल केले की मूल आणखी घाबरते: घर आता कोणाच्याच हातात नाही असे त्याला वाटते. जेवण, शाळा, झोप यांच्या वेळा शक्यतो जुन्याच ठेवाव्यात. शांत झाल्यावर काय झाले ते नाव देऊन बोलावे: ‘आज पालकसभा होती, बाबांची आठवण आली का?’ उरलेल्या पालकाने मुलापुढे रडू नये हा समज चुकीचा आहे. रडून पुन्हा उठणारी आई पाहिली की दुःखातून माणूस उठतो हे मुलाला दिसते.

अपघात, आत्महत्या किंवा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू वेगळा ठरतो. अशा वेळी माणूस कसा गेला याचे चित्र इतके पुढे येते की तो माणूस कसा होता हे आठवणेच अशक्य होते. रुग्णवाहिकेच्या आवाजाला दचकणे, तोच अपघात खेळात पुन्हापुन्हा करणे, त्या रस्त्याने जायला नकार देणे ही आघाताची लक्षणे आहेत. अमेरिकेतील ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांनी विकसित केलेली आघातकेंद्री वर्तनोपचार पद्धत यासाठी वापरतात. तीत पालकालाही सोबत घेऊन मुलाकडून घडलेली गोष्ट टप्प्याटप्प्याने सांगून घेतली जाते. आत्महत्या घडलेल्या शेतकरी घरात मुलाला ‘हार्ट अटॅक’ सांगण्याचा मोह होतो. गावात मात्र ते खरे कारण दुसऱ्याच कोणाकडून ऐकते, आणि मग घरच्यांवरचा विश्वासही जातो.

हार्वर्डमधील विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी पालक गमावलेल्या १२५ मुलांचा अभ्यास केला. इतर मुलांच्या तुलनेत या मुलांच्या अडचणी पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षाअखेर अधिक ठळक दिसल्या. आपल्याकडे वर्षश्राद्ध झाले की विषय संपला असे धरतात, तेव्हा हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सहा महिन्यांनंतरही तीव्र ओढ आणि दुःख रोजच्या जगण्यात अडथळा आणत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. ‘मलाही बाबांकडे जायचंय’ असे मूल म्हणाले, तर ती नुसती आठवण आहे की मरणाचा विचार, हे शांतपणे पण थेट विचारावे, आणि स्वतःला इजा करण्याचे बोलणे आले तर एक दिवसही थांबू नये. टेली मानस (१४४१६) आणि चाइल्डलाइन (१०९८) या मोफत दूरध्वनी सेवा आहेत. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. त्यासाठी महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात अर्ज करता येतो.