लाकडी पट्ट्यांच्या स्टेशन वॅगन : मॉडेलवरचे सपाट ‘लाकूड’ खोटे असते का?

जुन्या अमेरिकन स्टेशन वॅगनच्या (मागे सामानासाठी जागा असलेल्या लांब मोटारीच्या) बाजूला खरे लाकूडच असे, म्हणून अशा गाडीच्या ज्या छोट्या मॉडेलवर लाकडाचा नुसता छापील पट्टा दिसतो ते नकली समजावे, असा समज संग्राहकांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे.

1940च्या दशकातल्या बहुतेक वॅगनची मागची बाजू खरोखर लाकडी होती. पण सांधे सैल होत, पाणी मुरे आणि वारंवार वॉर्निश द्यावे लागे, त्यामुळे पोलादी सांगाड्याने तिची जागा घेतली. फोर्डच्या ‘कंट्री स्क्वायर’ला 1952पासून पोलादी बाजू आल्या आणि त्यांवर लाकडी रेघांची व्हिनाइल फिल्म (प्लास्टिकचा पातळ पापुद्रा) चिकटवली जाऊ लागली. भोवतीची चौकट आधी खऱ्या लाकडाची होती, नंतर तीही नकली झाली. 1991पर्यंत चाललेल्या या गाडीचा बहुतेक काळ असाच गेला.

म्हणून आधी मॉडेल कोणत्या सालच्या गाडीचे आहे ते पाहावे आणि त्या गाडीच्या छायाचित्राशी ताडावे. 1949च्या वॅगनची चौकट उठावदार हवी. मात्र 38 मिलिमीटर जाडीची पट्टी 1:43 प्रमाणात जेमतेम 0.9 मिलिमीटर भरते, तेव्हा भिंग घ्यावेच. 1975च्या ‘कंट्री स्क्वायर’वर लाकडाच्या पट्ट्याची सपाट छपाई हीच अचूक ठरते. खऱ्या गाडीवर चुंबक फिल्ममधूनही पोलादाला चिकटतो. मॉडेलवर ही कसोटी लावू नये, कारण ती बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असतात आणि त्यांना चुंबक चिकटत नाही.