जागा कमी म्हणून एन स्केलच? तसं नाही

मॉडेल रेल्वे सुरू करणाऱ्याला पहिला सल्ला हमखास हाच मिळतो: घर लहान असेल तर एन स्केल, म्हणजे लहान मापाची मॉडेलं घ्या, त्याहून मोठ्या एचओ मापाला अख्खी खोली लागते. हे अर्धसत्य आहे, आणि त्यापायी अनेकांचा पैसा चुकीच्या पेटीत जातो.

एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७, एन म्हणजे १:१६०. आपला २१.३ मीटरचा आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचा) डबा एचओत साधारण २४.५ सेंटीमीटर भरतो, एनमध्ये १३.३. अशी दहा-बारा डब्यांची एक्सप्रेस वळणातून पळवायची असेल तर एनच घ्या, वाद नाही.

पण जागा खरी खातं ते वळण. गोल फिरवायचंच नसेल तर? इंग्लंडमधल्या ॲलन राइट यांची 'इंगलनूक' मांडणी बघा. दोन सांधे (रूळ बदलायच्या जागा), तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ), एकात पाच वॅगन मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. आठ वॅगनांतून चिठ्ठ्या काढून पाचांची ठरलेल्या क्रमानं गाडी लावायची. असे ६,७२० क्रम होतात! एचओत छोट्या चारचाकी वॅगन घेतल्या तर हे सगळं पाच फूट लांब, फूटभर रुंद फळीवर बसतं. म्हणजे पुस्तकांच्या कपाटाचा माथा पुरे.

अशा शंटिंगला, म्हणजे डबे मागंपुढं करून जुळवायला, एचओच बरं, असं माझं ठाम मत. एनचं इंजिन हलकं, रुळावर जरा धूळ बसली की मुंगीच्या चालीत अडखळतं. डबे जोडायचं कपलिंग इतकं बारीक की चाळिशी लावूनही बोटांना सापडत नाही.

तेव्हा आधी गाडीनं काय करायचं ते ठरवा, टेप नंतर काढा.