सुपारी घेणारा सामुराई: 'घोस्ट डॉग' पाहायच्या आधी थोडं मागचं

येत्या शनिवारी नागपूरच्या महाल भागात मित्राच्या गच्चीवर आम्ही दहा-बारा जण अमेरिकन दिग्दर्शक जिम जारमुशचा १९९९चा 'घोस्ट डॉग' पाहणार आहोत, आणि मागच्या खेपेला अर्धे लोक शेवटपर्यंत विचारत होते की अमेरिकेतला हा सुपारी घेणारा माणूस सामुराई कशाला बनून राहिला, म्हणून यावेळी आधीच लिहून ठेवतो.

सगळं सुरू होतं एका पुस्तकापासून. सिनेमात घोस्ट डॉग झालेला फॉरेस्ट व्हिटेकर जे पुस्तक सतत वाचतो, ज्यातले उतारे मधेमधे पडद्यावर येतात, ते 'हागाकुरे', म्हणजे साधारण 'पानांआड'. ते सांगितलं यामामोतो त्सुनेतोमोनं, जपानच्या सागा संस्थानातला सामुराई, जन्म १६५९चा. आता गंमत नाही, दुःख आहे ते हे की या माणसानं आयुष्यात एकही लढाई पाहिली नाही. आपल्याकडे १६७० मध्ये तानाजी कोंढाण्यावर पडला तेव्हा हा दहा-अकरा वर्षांचा पोट्टा होता, पण त्याच्या देशात तोकुगावा या शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्त्या, घराण्याची शांतता केव्हाच बसली होती आणि सामुराई लोक हिशेब, कागदपत्रं, दरबारी कामं करत होते. १७०० साली त्याचा मालक नाबेशिमा मित्सुशिगे वारला. मालकामागं पोट फाडून मरायची जुनी रीत होती, पण ती या मालकानंच बंद केली होती आणि १६६३ मध्ये शोगुनच्या सरकारनंही बंदी घातली. मग मरायला परवानगी नाही आणि जगायला कारण नाही, असा हा माणूस डोकं भादरून भिक्खू झाला, डोंगराच्या आडोशाला जाऊन राहिला, आणि १७१० ते १७१६ ताशिरो त्सुरामोतो नावाच्या तरुण सामुराईला आपल्या गोष्टी सांगत गेला. त्याचे अकरा खंड झाले, आणि सुरुवातीलाच लिहून ठेवलं की हे नंतर जाळून टाका.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे पुस्तक लढणाऱ्याचं नाहीच, लढाई संपल्यावर मागे उरलेल्या माणसाचं आहे. म्हणून त्यात मरणाचं एवढं वेड आहे. नागपूरच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये, १८५४ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांचं राज्य खालसा केल्यावर पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरात तलवारच होती त्यांनी काय केलं असेल? जपानमध्ये ती वेळ १८७६ला आली, तलवार कमरेला लावून फिरायलाच बंदी. 'हागाकुरे' लोकांपुढे खऱ्या अर्थानं आलं ते त्याच्याही नंतर, विसाव्या शतकात, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात पोरांना मरायला पाठवताना त्याचा वापर झाला. हे विसरून ते उतारे नुसते भारी म्हणून ऐकू नका प्लीज.

दुसरा धागा फ्रान्सचा. १९६७ मध्ये झ्याँ-प्येर मेलव्हिलनं आलाँ देलाँला घेऊन 'ल समुराई' केला. एकटा राहणारा किलर, पांढरे हातमोजे, खोलीत पिंजऱ्यातला पक्षी. सुरुवातीला पडद्यावर बुशिदोच्या, म्हणजे सामुराईंच्या आचारधर्माच्या, नावानं एक वाक्य येतं, सामुराईइतका एकटा कोणीच नाही, फार तर जंगलातला वाघ. पेंचला जाऊन वाघ पाहिलेल्यांना ते लगेच पटतं. पण ते वाक्य कुठल्याही जपानी ग्रंथात नाही, मेलव्हिलनं स्वतः लिहिलं. मला यात फसवणूक वाटत नाही, त्सुनेतोमोही न पाहिलेल्या काळाबद्दलच बोलत होता ना.

त्याच वर्षी जपानमध्ये सेइजुन सुझुकीचा 'ब्रँडेड टू किल' आला, त्यात किलर खालून नळाच्या पाइपातून गोळी घालतो, आणि ऐन नेम धरताना बंदुकीवर फुलपाखरू बसतं. जारमुशनं दोन्ही घेतलं, फुलपाखराच्या जागी पक्षी आहे एवढंच. सुझुकीला निक्कात्सु स्टुडिओनं १९६८ मध्ये काढून टाकलं, सिनेमे कोणाला कळत नाहीत म्हणून.

जारमुशनं याच्यावर आपलं काय घातलं? पिंजऱ्यातल्या पक्ष्याऐवजी गच्चीवरची कबुतरं, त्यांच्या पायाला चिठ्ठी बांधून निरोप, आणि वू-टँग क्लॅन या हिप-हॉप ग्रुपच्या रिझाचं म्युझिक. पण मेन गोष्ट म्हणजे मालक. घोस्ट डॉग ज्याच्या मिठाला जागतो तो लुई म्हणजे माफियातला एक साधा, थकलेला माणूस, ज्यानं कधीतरी त्याचा जीव वाचवला. तो प्रसंग सिनेमात दोनदा दिसतो, एकदा लुईच्या आठवणीत आणि एकदा घोस्ट डॉगच्या. लुईच्या आठवणीत बंदूक लुईवर रोखलेली असते, घोस्ट डॉगच्या आठवणीत घोस्ट डॉगवर. सिनेमात 'राशोमोन'चं पुस्तक, ज्यात एकच घटना प्रत्येक जण वेगळी सांगतो अशी जपानी गोष्ट आहे, या हातातून त्या हातात फिरत राहतं ते उगाच नाही. शनिवारी ते दोन सीन येतील तेव्हा चहा आणायला कोणी खाली जाऊ नका.