वृकमानव आणि कोकणातील रूपपालट

वृकमानव म्हणजे काही काळ लांडग्याचे रूप घेणारा, लोककथेतील माणूस. हे रूप कधी देवाच्या शापाने येते, कधी मंत्राने, कधी लांडग्याचे कातडे किंवा पट्टा अंगावर चढवल्याने. ही कल्पना मुख्यतः युरोपातली. कोकणच्या लोककथांत लांडगा सहसा भेटत नाही, कारण भारतीय लांडगा हा पुणे, अहिल्यानगर, सोलापूरकडच्या कोरड्या माळरानांचा, मेंढरांच्या कळपांमागे फिरणारा प्राणी आहे. घाटाखालच्या धुवाधार पावसाच्या आणि दाट झाडीच्या मुलखात गोठ्यावर येतो तो वाघ. बोलीत तर बिबट्यालाही वाघच म्हणतात. रूप बदलणारा माणूस कोकणात शोधायचा, तर वाघाच्या मागावर जावे लागते.

युरोपीय परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध प्राचीन कथा लायकेऑन राजाची. त्याने देवाच्या पानात माणसाचे मांस वाढले, म्हणून तो लांडगा झाला. रोमन कवी ऑव्हिडने ती इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभी लिहिली. त्याच शतकातल्या दुसऱ्या एका लॅटिन कथेत एक शिपाई चांदण्यात कपडे काढून लांडगा होतो, आणि लांडग्याच्या मानेला झालेली जखम सकाळी त्या शिपायाच्या मानेवर सापडते. ही जखमेची खूण पुढे असंख्य कथांत आली. सोळाव्या शतकात मात्र गोष्टींचे खटले झाले. जर्मनीतील बेडबर्ग येथे पेटर श्टुम्प नावाच्या शेतकऱ्याला 1589 साली वृकमानव ठरवून हालहाल करून मारण्यात आले. त्याची कबुली यातनायंत्राच्या धाकाने घेतलेली होती, आणि त्याच्याबरोबर त्याच्या मुलीलाही मृत्युदंड झाला. भयकथा म्हणून हे प्रकरण आजही रंगवून सांगितले जाते. ते सांगताना एका मुलीचाही जीव गेला होता, हे विसरता कामा नये.

1692 साली लिव्होनियात, म्हणजे आजच्या लॅटव्हिया-एस्टोनियाच्या भागात, थीस नावाच्या म्हाताऱ्याने न्यायालयापुढे वेगळेच सांगितले. आपण वृकमानव आहोत, पण देवाचे कुत्रे आहोत. चेटक्यांनी पळवलेले धान्य आपण नरकात जाऊन परत आणतो. लांडग्याचे रूप घेऊन गावाचे पीक राखणारा हा म्हातारा कोकणातल्या माणसाला फारसा परका वाटू नये.

उत्तर कोकणात, पालघर-ठाण्याच्या वारली पाड्यांवर, वाघोबाची कथा सांगतात. पाड्यागणिक तपशील बदलतात, गाभा साधारण असा: एका बाईला लग्नाआधी मूल झाले. ते मूल माणसाचे, पण मनात येईल तेव्हा वाघ होई आणि गुरे मारून खाई. लोकांना कळले तेव्हा ते खवळले. शेवटी ठरले की त्याने रानात राहावे, आणि गावाने त्याला देव मानून वर्षातून एकदा त्याचा मान द्यावा. तो मान वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर आश्विन वद्य द्वादशीला, कोंबडे किंवा बकरे देऊन पोचवला जातो. रूप बदलणाऱ्याला इथे गावाने मारले नाही. त्याला हद्द आखून दिली आणि वाटा ठरवून दिला. कोकणातल्या कल्पनेचे मर्म मला याच करारात दिसते. हा करार जुना होऊन मोडीत निघालेला नाही. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पट्ट्यातील वाघोबाची 150 ठाणी नोंदलेली आहेत, आणि त्यांतली अनेक अशा जागी आहेत जिथे आजही बिबट्यांचा वावर आहे.

वारली समाज भीतीपासून मुक्त होता, असा याचा अर्थ नाही. गावातल्या आजारपणाचा दोष एखाद्या बाईवर ठेवून तिला 'भुताळी' ठरवण्याची क्रूर रीत याच मुलखात होती. श्टुम्पच्या खटल्याशी तुलना करायची, तर ती या बायकांच्या छळाशीच केली पाहिजे. अशा छळाविरुद्ध महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

दक्षिण कोकणात रात्रीचे फिरणारे वेगळे आहेत. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत हिंडतो, त्यात त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक नवसाला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. देवचार हातात काठी घेऊन गावाची शीव सांभाळतो. हे दोघे माणसाच्याच रूपात असतात. गिऱ्हा मात्र फसवतो. पाण्यात बुडून मेलेल्याचे हे भूत खाडीकाठी ओळखीच्या आवाजात हाक मारते आणि माणसाला खोल पाण्याकडे नेते. त्याला मासे आणि कुर्ल्या आवडतात. अशा समजुतींची मोठी नोंद 1915 साली छापली गेली. ती सामग्री जमवण्यामागे ए. एम. टी. जॅक्सन होता, म्हणजे 1909 मध्ये नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळी घातलेला तोच कलेक्टर. त्याच्या पश्चात आर. ई. एन्थोवेनने कोकणचा खंड सिद्ध केला. मूळ माहिती मुख्यतः गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली होती, आणि त्या संग्रहाची खरी किंमत त्या मास्तरांत आहे.

जत्रेत अंगात येते तो रूपपालट नाही. देह माणसाचाच राहतो, बोलणारा बदलतो. लोक गाऱ्हाणे घालतात, 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात, आणि वारे उतरले की तो माणूस पुन्हा आपला शेजारी होतो.

चित्रकलेत वृकमानवाचे रूप उशिरा ठरले. लुकास क्रानाख या जर्मन चित्रकाराच्या सुमारे 1512 च्या लाकूडठशात ना अंगभर केस आहेत, ना लांडग्याचे तोंड. तोंडात तान्हे मूल धरून एक माणूस चौपायी रांगतो आहे, आणि तो माणूसच आहे, हे फार अस्वस्थ करते. दोन पायांवर उभा, लांडग्याच्या तोंडाचा, स्नायूंनी फुगलेला प्राणी ही बरीचशी विसाव्या शतकातील चित्रपट, कॉमिक्स आणि खेळ यांची घडण आहे. 1941 च्या एका हॉलिवूडपटापासून चांदीने मरण ही अट रूढ झाली. 1974 च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात वृकमानवाबरोबर वाघमाणूसही आला.

कोकणात अर्धा माणूस, अर्धा पशू हे रूप फार आधीपासून हाताखालचे आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि 120 पाने असतात. त्यांत वराह आणि नरसिंह सहज हातात येतात. नरसिंह रूप पालटत नाही. माणूस नाही आणि पशूही नाही, दिवस नाही आणि रात्रही नाही, अशा वरातली फट शोधून तो उंबरठ्यावर प्रकटतो. दशावतारी नाटकात वेद पळवणारा संकासूर काळ्या वेशात येतो, लोकांना हसवतो, आणि विष्णूच्या हातून मरतो. शिमग्यात हाच संकासूर उत्तरेकडे रत्नागिरीतल्या खेळ्यांतही दिसतो.

वाघोबाचे जुने चित्रण लाकडी फळीवर किंवा दगडावर असते: वाघ, त्याच्या वर सूर्य आणि चंद्र, आणि सगळ्यावर शेंदूर. इथला चंद्र कुणाला पशू करत नाही. जिव्या सोमा मशे यांनी 1970 च्या दशकापासून वारली चित्रे भिंतीवरून कागदा-कापडावर नेली, तेव्हा तांदळाच्या पिठाने रेखलेले हे जग पाड्याबाहेर पोचले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या चित्रांत वाघ येतो तो पायवाटा, झाडे, गुरे आणि नाचणारी माणसे यांच्याच चौकटीत; त्याच्यासाठी वेगळे, अंधारे पान राखलेले नसते.